गुडाने लिहिलं, गुडानेच रंगवलं: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. ‘मध्ययुगीन युरोपातल्या सोनेरी पुस्तकांमागची काळी सत्यं’. खाली नेहमीचं ‘दहा जणांना पाठवा’. एरवी असले मेसेज मी वाचून सोडून देते. हा सोडवला नाही, कारण अर्ध्या तासात भाचीने मला एकटीला विचारलं, “मावशी, म्हणजे बायकांना पुस्तकं लिहायचं, रंगवायचं काम कधी करूच दिलं नाही का?” ती दहावीत आहे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाल्यापासून सुट्टी मिळाली की अक्षरांभोवती वेली, पानं, पक्षी काढत बसते. मामाने पाठवलेलं ती खरंच धरणार. म्हणून हे उत्तर.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. एक, ही हाताने लिहून रंगवलेली पुस्तकं जन्मालाही न आलेल्या वासरांच्या कातड्यावर लिहीत. दोन, त्यातला निळा रंग म्हणजे अफगाणिस्तानातला लाजवर्द हा महागडा निळा दगड आणि पिवळा म्हणजे अस्सल सोनं. पुरावा आयर्लंडचं ‘बुक ऑफ केल्स’ हे ख्रिस्ती धर्मग्रंथाचं सचित्र हस्तलिखित. तीन, हे सगळं पुरुषांनी केलं, ‘बायकांना लेखणीला हात लावायचीही बंदी होती’. चार, रंग विषारी असत. पाच, लोकांनी वाचू नये म्हणून चर्च पुस्तकं साखळीने बांधून ठेवी. सहा, त्या काळच्या पोकळ अंगठ्या आणि लॉकेटं विष लपवायला केलेली असत.

क्रम मोडून तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण नुकसान त्याने होतं.

जर्मनीत डालहाइम नावाच्या गावी बायकांचा एक छोटा मठ होता. १४ व्या शतकात तो आगीत गेला. ग्रंथालय उरलं नाही, पुस्तकं उरली नाहीत. राहिली ती दफनभूमी. तिथल्या एका बाईच्या दातांवरचं किटण संशोधकांनी तपासलं. किटण म्हणजे आपण दातांच्या डॉक्टरकडे जाऊन खरवडून घेतो तेच. त्या थरात तोंडात गेलेलं बरंच काही दगडासारखं अडकून राहतं. त्यांना बघायचं होतं तिचं खाणंपिणं. सूक्ष्मदर्शकाखाली थर विरघळायला लागला आणि निळेशार कण बाहेर पडले. एकदोन नव्हेत, शंभरावर. तपासणीत ते लाजवर्दाचे निघाले. ही बाई ४५ ते ६० वर्षांची असताना, इसवी सन ९९७ ते ११६२ च्या दरम्यान वारली. अभ्यास जानेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात छापून आला. अनिता राडिनी आणि क्रिस्टिना वॉरिनर ही त्यातली दोन मुख्य नावं.

अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड, हजारो मैल ओलांडून जर्मनीतल्या एका आडगावच्या बाईच्या तोंडात कसा गेला? संशोधकांनी शक्यता एकेक करून तपासल्या. औषध म्हणून पोटात घेतला असेल का? त्या काळच्या त्या मुलखात तशी वहिवाट होती असं दिसत नाही. पूजेत चित्रांचं चुंबन घेताना लागला असेल का? ती प्रथा तिथे बरीच नंतरची. शिवाय कण वेगवेगळ्या जागी पसरलेले होते, म्हणजे ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. उरतं ते एवढंच, की ती रंग कुटत असणार, किंवा ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करत असणार. त्यातही संशोधकांचा कौल ब्रशकडे आहे.

आमची भाची बारीक रेघ ओढायच्या आधी नेमकं हेच करते. ब्रश पाण्यात बुडवते, ओठांत धरून फिरवते, टोक सुईसारखं झालं की श्वास रोखून पानाची शीर काढते. तिची आई त्यावरून रोज ओरडते. नऊशे-हजार वर्षांपूर्वी डालहाइमच्या त्या बाईने हीच सवय लावून घेतली असावी, आणि लाजवर्द मिळत होता म्हणजे कामही तिच्याकडे साधंसुधं येत नव्हतं. इतका महाग रंग शिकाऊ हातात कुणी देत नाही.

दातांवरच अडून बसायचीही गरज नाही. फ्रँकफर्टच्या विद्यापीठ ग्रंथालयात १२ व्या शतकातलं प्रवचनांचं एक पुस्तक आहे. त्यातल्या एका मोठ्या ‘डी’ अक्षराच्या पोटात एक धर्मभगिनी उभी आहे. एक हात वर केलेला, आणि सोबतच्या पट्टीवर लॅटिनमध्ये लिहिलंय: पापी स्त्री गुडाने हे पुस्तक लिहिलं आणि रंगवलं. लिहिलं आणि रंगवलं, दोन्ही क्रियापदं तिची. पापी म्हणवून घेणं ही तेव्हाच्या नम्रतेची रीत. पण नाव घालायला ती विसरलेली नाही. स्पेनमध्ये हिरोनाच्या कॅथेड्रलमधल्या, ९७५ साली पुऱ्या झालेल्या ग्रंथात एन्दे नावाच्या बाईचा उल्लेख चित्रकर्ती म्हणून आहे. जर्मनीतल्या वेसोब्रुन मठाच्या डीमुटने आयुष्यभर पुस्तकं उतरवली, तिच्या नावावर चाळीसच्या वर ग्रंथ सांगतात. आणि मठाबाहेरचं उदाहरण हवं असेल तर १४ व्या शतकातलं पॅरिस घ्या. झान दे मोंबास्तों नवऱ्याबरोबर पुस्तकं रंगवायचा धंदा करत होती. तो गेल्यावर १३५३ साली तिने स्वतः विद्यापीठापुढे ग्रंथव्यावसायिक म्हणून शपथ घेतली. बंदी असती तर विद्यापीठाने तिची शपथ घेतली असती का?

हो, एवढं मान्य करते की ज्यांची नावं टिकली त्यांत पुरुष खूप जास्त आहेत. पण बहुतेक पुस्तकांवर कुणाचंच नाव नाही. नाव नाही म्हणजे पुरुष, हे कुणी ठरवलं? डालहाइमची बाईसुद्धा निनावीच आहे. तिच्या दातांनी साक्ष दिली नसती तर तिचं काम कुठल्याशा साधूच्या खात्यावर गेलं असतं.

आता केल्स. हे पुस्तक साधारण इसवी सन ८०० चं, सध्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. फॉरवर्डवाल्याने पुरावा म्हणून नेमकं तेच निवडलंय ज्यात सोन्याचा वर्ख नाही. ते पिवळं झळकतं ते हरताळाने. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं खनिज. आपल्याकडे पोथीत चुकीचं अक्षर पडलं की त्यावर याच हरताळाचा लेप देऊन ते झाकत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. म्हणजे आपल्या लेखनिकाने चूक पुसायला जे वापरलं त्यानेच आयरिश चित्रकाराने सोन्याचा भास उभा केला. मला तरी खऱ्या सोन्यापेक्षा हे जास्त थोर वाटतं. लाजवर्दाचं म्हणाल तर जुन्या पुस्तकांतून तसं लिहिलेलं सापडतं खरं, म्हणून त्या एका चुकीबद्दल फॉरवर्डवाल्याला फार बोलत नाही. पण पुढे लेझरच्या मदतीने, पानाला धक्का न लावता रंग तपासले तेव्हा निळा निघाला नीळीचा, वनस्पतीपासून काढलेला. इतर अनेक ग्रंथांत खरं सोनं आणि खरा लाजवर्द भरपूर आहे. केल्समध्ये नाही.

वासरांचं बोलायचं तर चर्मपत्र कातड्याचंच असे, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मोठ्या बायबलला शेकडो जनावरांची कातडी लागत. ‘न जन्मलेली वासरं’ हे मात्र १३ व्या शतकातल्या खिशात मावणाऱ्या बायबलांच्या तलम पानांवरून पसरलं. त्याची तपासणी २०१५ साली प्रसिद्ध झाली आणि तिची पद्धत फार सुंदर आहे: पानावर साधं खोडरबर हलकेच फिरवायचं, पडलेला चुरा गोळा करायचा, आणि त्याला चिकटून आलेल्या प्रथिनांवरून प्राणी ओळखायचा. अशी ७२ बायबलं तपासली. वासरू, बकरी, मेंढी असे तिन्ही प्राणी निघाले. अभ्यासकांचा निष्कर्ष असा की हा तलमपणा कारागिराच्या हातातला आहे, त्यासाठी गर्भातलं जनावर लागत नाही. मृत जन्मलेल्या एखाद्या वासराचं कातडं कुठे वापरलंच नसेल असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी गाभण गाई कापत होते हा मजकूर निव्वळ अंगावर काटा आणायला लिहिलेला आहे.

रंग विषारी होते, हे बरोबर. हरताळात आर्सेनिक, सफेद्यात आणि शेंदरात शिसं. ‘मिनिएचर’ (लघुचित्र) हा शब्दही लहान आकारावरून आलेला नाही; शेंदराला लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणतात, त्यावरून आलाय. (भाचीबाई, तुझे रंग वेगळे आहेत, तरी ब्रश तोंडात घालू नकोस. इथे आईचं बरोबर आहे.)

साखळ्यांचा मुद्दा तर साफ उलटा आहे. लोकांनी वाचू नये असं वाटतं तेव्हा पुस्तक कुलपात घालतात. वाचायच्या मेजाला साखळीने बांधतात ते येणाऱ्याने तिथे वाचावं, पण घेऊन जाऊ नये म्हणून. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये १७ व्या शतकातली अशी मांडणी अजून बघायला मिळते. साखळी पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेला अडकवलेली, म्हणजे पुस्तक फळीवरून काढून सरळ समोर उघडता येतं.

राहिलं विष. बल्गेरियात कालियाक्राला सापडलेल्या एका पोकळ अंगठीबद्दल पुरातत्त्वज्ञांनी तसा अंदाज केला आहे. एका अंगठीवरून सगळ्या युगाला विषप्रयोगी ठरवायचं? १९८५ साली इंग्लंडमध्ये मिडलहॅमच्या किल्ल्याजवळ १५ व्या शतकातलं सोन्याचं लॉकेट सापडलं, वर नीलम जडवलेला, मागे येशूच्या जन्माचा प्रसंग कोरलेला. तेही पोकळ. उघडलं तेव्हा आत निघाल्या रेशमाच्या इवल्या चकत्या, सोन्याच्या तारेने भरतकाम केलेल्या. काठावर आकडी येऊ नये म्हणून म्हणायचा मंत्रशब्द कोरलेला आहे. म्हणजे कुणाला तरी जपण्यासाठी गळ्यात घातलेला तो ताईत होता.

दादा, तो मेसेज ग्रुपवर अजून आहे. काढून टाक. गुडाचं चित्र तुला पाठवलंय, त्या जागी ते टाक, आणि खाली तिने लिहिलेलं वाक्य मराठीत टाक.