डिस्प्लेच्या रेघा गेल्या म्हणून डेक फेकू नका

नाशिकच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या गाडीच्या रेडिओचा, म्हणजे डेकचा, डिस्प्ले उन्हाने जळतो, तो दुरुस्त होत नाही, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. फार तर हेअर ड्रायरने गरम करून पाहा. उघडायला गेलात तर कोड लॉक होईल, एअरबॅगही फुटू शकते. त्यापेक्षा अँड्रॉइड स्टिरिओ बसवा, दोन वायरींचं काम आहे.

मी अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली मीटरं आणि कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करतो. त्यांतले डिस्प्ले आणि दहा-वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांतले डिस्प्ले एकाच जातीचे असतात. हा मजकूर वाचून लोक चांगले वाजणारे डेक भंगारात देतात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी उन्हाचं. हे डिस्प्ले बहुतेक एलसीडी असतात, म्हणजे दोन पातळ काचांमध्ये कोंडलेला द्रवाचा थर. गाडीसाठीची काच साधारण उणे ३० ते ८० अंशांपर्यंत टिकावी अशाच बेताने बनवतात. मे महिन्यात गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला दुपारभर उन्हात लावलेल्या गाडीत कधी डिस्प्ले सगळाच काळा पडतो, कधी पुसल्यासारखा होतो. तापमान फार वाढलं की द्रवातल्या रेणूंची रांग मोडते, गाडी थंड झाली की ती पुन्हा लागते. थंडीत निफाडकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा पहाटे आकडे जरा सावकाश बदलतात, कारण तोच द्रव घट्ट होतो. या दोन्ही वेळी बिघाड काहीच झालेला नसतो.

उन्हाचा खरा मार बसतो तो काचेवरच्या, प्रकाश गाळणाऱ्या पोलरायझर फिल्मवर आणि काच सर्किटला जोडणाऱ्या पट्टीवर. फिल्म करपली, तिला फुगे आले की डिस्प्ले डागाळलेला दिसतो. ती फिल्म काळजीपूर्वक सोलून नवी लावता येते, फक्त तिची दिशा चुकवायची नाही. आडवी-उभी फिरली तर आकडे उलटे, म्हणजे काळ्यावर पांढरे दिसतात.

पण माझ्याकडे येणाऱ्या डिस्प्लेंत मुख्य दुखणं पट्टीचंच असतं. काही डिस्प्लेंत ही पट्टी काळ्या-पांढऱ्या रबराची असते, तिला झेब्रा म्हणतात. मल्टिमीटर उघडला असेल त्यांनी ती पाहिली असेल. काहींत प्लॅस्टिकची पातळ रिबन असते. तिच्यावर कार्बनच्या बारीक रेघा असतात आणि ती उष्णता आणि दाबाने काचेला चिकटवलेली असते. रोज तापणं, रोज थंड होणं आणि वर खड्ड्यांचे हादरे. वर्षानुवर्षं असं झालं की चिकटवण सुटतं. ज्या रेघा सुटल्या त्यांच्यामागच्या आकड्यांचे तुकडे गायब होतात. काच शाबूत असते, रेडिओ शाबूत असतो, मधला दुवा तुटलेला असतो.

हे ओळखायला महागडं उपकरण लागत नाही. संपूर्ण आडवी किंवा उभी ओळच दिसत नसेल, सकाळी दिसत नसलेलं दुपारी दिसत असेल किंवा काचेच्या कडेला बोटाने हलकं दाबल्यावर रेघा परत येत असतील, तर दोष जोडणीत आहे. डिस्प्ले पूर्ण अंधारा वाटत असेल तर तिरप्या कोनातून टॉर्च मारा. अक्षरं पुसट दिसली तर काच चांगली आहे, मागचा बल्ब किंवा एलईडी गेला आहे. शाई सांडल्यासारखा काळा डाग असेल तर काच तडकली आहे, आणि ती मात्र जोडता येत नाही. जुन्या काही डेकमध्ये निळसर-हिरवा स्वतः उजळणारा व्हीएफडी डिस्प्ले असतो. तो वयाबरोबर खरोखरच मंद होतो, तिथेही दुरुस्तीला मर्यादा आहे. एवढं त्या मजकुरातलं खरं.

झेब्रा असेल तर काम सोपं आहे. पट्टी, काचेची कडा आणि बोर्डावरच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, वाळू द्यायच्या आणि स्क्रू सगळीकडून सारखे आवळायचे. रिबनला मात्र हात हलका हवा. ती ओढायची नाही, घडी तर कधीच पडू द्यायची नाही, कारण घडीवर कार्बनची रेघ तुटते. सुटलेल्या जागी सिलिकॉनची पातळ पट्टी ठेवून, तापमान कमी-जास्त करता येणाऱ्या इस्त्रीच्या, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या, रुंद टोकाने दाबत हळूहळू पुढे जायचं आणि दाब ठेवूनच थंड होऊ द्यायचं. सोल्डर वितळवण्याइतकी उष्णता दिली तर फिल्मच जळते. मोबाइलच्या बोर्डांवर बारीक काम करणारे एमजी रोडवरचे कारागीर हे काम समजावून सांगितलं तर करू शकतात. त्यांच्या हाताला ती सवय असते, फक्त गाडीचा डेक त्यांच्यापुढे क्वचित येतो.

यातच हेअर ड्रायरचं उत्तर आहे. नुसत्या गरम हवेने गोंद मऊ होतो आणि रेघा थोडा वेळ परत येतात, पण दाब नसल्यामुळे जोड धरत नाही. त्यात पुढचं प्लॅस्टिक वाकतं ते वेगळंच. आणि डिस्प्ले खरंच जळला असता तर गरम केल्याने रेघा परत आल्या कशा असत्या?

सुटे भाग मिळत नाहीत, हेही अर्धंच. कंपनी फक्त डिस्प्ले देत नाही, अख्खा डेक घ्यायला सांगते, हे खरं. पण रिबन रेघांची संख्या आणि दोन रेघांमधलं अंतर मोजून मिळते. बऱ्याच चालणाऱ्या मॉडेलांसाठी ती तयार विकायलाही असते. बल्ब आणि एलईडी तर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात.

एअरबॅगची भीती बिनबुडाची नाही, पण ती रेडिओला चिकटवणं चुकीचं आहे. डिस्प्लेच्या बोर्डाला हात लावून एअरबॅग फुटत नाही. काही गाड्यांत त्याच चौकटीत एअरबॅगचा दिवा असतो. त्याचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून इग्निशन चालू केलं तर मीटरवर इशारा उजळतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या कपलरना हात लावू नका.

कोडचं तर फारच वाढवून सांगितलं आहे. कोडवाला रेडिओ बॅटरी काढल्यावर कोड मागतो, कारण चोरीला आळा बसावा म्हणूनच ती सोय आहे. कोड गाडीच्या कागदपत्रांत असतो. नसेल तर डेकचा सिरियल नंबर आणि आरसी दाखवून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मिळवता येतो. काम सुरू करण्याआधी तो हाताशी ठेवा. चुकीचा टाकला तर काही डेक तासभर थांबायला लावतात, तेवढा वेळ चालू ठेवून थांबायचं.

आता ते दोन वायरींचं काम. पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टची, लाल इग्निशनची, काळी अर्थची. घाईत लाल आणि पिवळी एकत्र जोडली की गाडी बंद असतानाही स्टिरिओ वीज ओढत राहतो आणि काही दिवस उभी राहिलेली गाडी सेल घेत नाही. कंपनीचा कपलर कापून वायरी पिळून टेप गुंडाळलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि डॅशबोर्डमागे ठिणगी उडण्याची ती सगळ्यात सोपी वाट आहे. अनेक गाड्यांत रेडिओच्याच डिस्प्लेवर घड्याळ, बाहेरचं तापमान, उघड्या दाराची सूचना येते. डेक काढला की ते सगळं जातं आणि स्टिअरिंगवरची बटणं वेगळा इंटरफेस लावल्याशिवाय चालत नाहीत. काही गाड्यांत अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला वीजही अँटेनाच्या वायरीतूनच जाते. त्यासाठीचा ॲडॉप्टर न लावता नवा स्टिरिओ बसवला की त्र्यंबक रोडला लागल्यावर आकाशवाणी नाशिकचं १०१.४ खरखरायला लागतं आणि दोष स्टेशनला दिला जातो.

रिव्हर्स कॅमेरा, नकाशा हवा असेल तर अँड्रॉइड जरूर बसवा, त्याची सोय मोठी आहे. वायरमनला आधीच सांगा की मूळ कपलर कापायचा नाही, गाडीच्या मॉडेलची तयार हार्नेस, म्हणजे जोडणीच्या वायरींचा संच, लावायची. आणि काढलेला डेक दुकानात सोडून येऊ नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. ज्याची काच तडकली आहे अशा दुसऱ्या कुणाच्या डेकला तुमच्या डेकची काच बसते, आणि तशी काच दुसरीकडे सहसा विकत मिळत नाही.