तुमच्याकडे चालतं ना!

बडोद्याहून फोन आला की हल्ली बोलणं कुठूनही सुरू होवो, "तुमच्याकडे चालतं ना!" या वाक्यावर येऊन अडकतं. या वेळी विषय होता सरडा. भाच्याच्या भाषेत पँथर शॅमेलिऑन: मादागास्करचा, निळा-हिरवा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला तो विकत घ्यायचाय. दुसऱ्या राज्यातला कुणी विक्रेता 'पेपर्ससकट' पाठवायला तयार आहे म्हणे. ताईचं म्हणणं, घरात सरडा आला तर मी माहेरी जाते (माहेर दांडिया बाजारात, त्याच गल्लीत, त्यामुळे धमकीला फारसा दम नाही). भाऊजी म्हणतात, सरकारदरबारी नोंद होत असेल तर हरकत काय? वरच्या मजल्यावरच्या काकींनी जीवदयेचा तोडगा काढला: विकत घे आणि कामाटीबागेत सोडून दे, पुण्य लागेल. आणि या सगळ्यात साक्षीला मला उभं केलं, कारण डॉर्टमुंडच्या माझ्या घरात असाच एक सरडा आहे.

"मावशी, तुझ्याकडे आहे, म्हणजे जर्मनीत चालतं. मग आपल्याकडेच सगळ्याला आडकाठी का?"

तर आधी साक्ष नीट लिहून घ्या. मी सरडा विकत घेतलेला नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे शुश्रूषेच्या वृद्धाश्रमात गेले. मुलगी राहते म्युन्शेनला (म्युनिकला) आणि तिला रातकिड्यांच्या डब्याकडे बघवत नव्हतं. मी एम.एस. युनिव्हर्सिटीची मायक्रोबायॉलॉजीवाली, त्यातून भारतातली, म्हणजे साप-सरडे अंगाखांद्यावर खेळवतच वाढले असणार असा इथल्यांचा गोड समज. जाळीचा पिंजरा, दिवे, फायकसची कुंडी आणि एक फाइल वर आली. फाइलमध्ये हॅम गावातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विक्रीमेळ्यातली जुनी पावती होती आणि तिच्यावर एकच शब्द: विल्डफांग. कुणा पाळणाऱ्याच्या घरी अंड्यातून निघालेला नव्हे, मादागास्करच्या झाडावरून उचललेला.

असा प्राणी सांभाळायचा म्हणजे काय, ते भाच्याच्या व्हिडिओंत नसतं. तिथे जीभ असते, अंगाहून लांब, निमिषात बाहेर आणि निमिषात आत. मला रोज दिसतं ते वेगळंच. शॅमेलिऑनला वाटीत साचलेलं पाणी हे पाणी आहे असं कळतच नाही, तो पानावरचे थेंब चाटतो. म्हणून सकाळी कामावर जायच्या आधी मी फायकसवर फवारा मारते आणि ड्रॉपर धरून उभी राहते. एक डोळा माझ्याकडे वळतो, दुसरा ड्रॉपरकडे. अंग काळपट होतं. बऱ्याच वेळानं तोंड किंचित उघडतं, एक थेंब आत जातो, मग परत विचार. तोवर माझी ट्राम गेलेली असते. विष्ठेतला पांढरा भाग केशरी दिसला की समजायचं पाणी कमी पडतंय, डोळे खोल गेले की फारच कमी. रातकिड्यांना आधी गाजर-पालेभाजी खाऊ घालायची, मग भजी पिठात घोळवतात तसं त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं, आणि मग साहेबांपुढे ठेवायचं. यूव्हीबीची (अतिनील किरणांच्या दिव्याची) नळी वर्षानुवर्षं छान उजेड देत राहते, पण तिच्यातली कामाची किरणं काही महिन्यांत ओसरतात. ती वेळेवर बदलली नाही तर त्याची हाडं मऊ होतात आणि जबडा वाकतो.

हे सगळं पैदाशीच्या शॅमेलिऑनलाही लागतंच. पकडलेल्याचं दुखणं त्याच्या वर. एकदा फवारताना त्याच्या कुशीला कातडीखाली काहीतरी बारीक, लांब असं सरकताना दिसलं. आधी वाटलं सुरकुती आहे. ती सुरकुती वळली. डॉक्टरीणबाईंनी छोटासा छेद घेतला, चिमट्यानं पांढरा दोरा धरला आणि ओढायला लागल्या, ओढतच राहिल्या. फोलिएला नावाचा हा जंत, डासांमार्फत पसरणारा, मादागास्करच्या शॅमेलिऑनमध्ये नेहमीचा. म्हणजे तो तिकडून येतानाच प्रवासी घेऊन आला होता आणि खालच्या आजोबांना त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हापासून मी त्याची विष्ठा डबीत भरून नियमानं प्रयोगशाळेला पोस्टानं पाठवते. हे ताईला सांगितलं तेव्हा तिनं ताटावरून उठून फोन भाऊजींकडे दिला.

रानात हे प्राणी असले जंत घेऊनच जगतात. बिघडतं ते पकडल्यावर. कापडी पिशवी, गोदाम, विमान, परत गोदाम. पाण्याचा थेंब नाही आणि शेजारी दुसरे नर. एकट्यानं राहणारी ही जात, दुसरा नर नुसता डोळ्यांसमोर असला तरी त्याचा छळ होतो. ताणानं प्रतिकारशक्ती ढासळली की इतके दिवस गप्प बसलेले जंत आणि जिवाणू डोकं वर काढतात. दुकानापर्यंत न पोचलेल्यांची पावती कुणी फाडत नाही. पोचलेल्याचं वय कुणाला सांगता येत नाही. कुणाला हौसेनं भरपूर पैसे मोजून आणलेला नर म्हातारा निघतो, कुणाची मादी पोटात अंडी घेऊनच येते.

आणि भाच्याला हवेत ते रंग. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी याच पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की त्याच्या कातडीत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तो शांत असताना ते दाटीनं असतात आणि निळा-हिरवा प्रकाश परावर्तित होतो, खवळला की विरळ होतात आणि पिवळा-केशरी दिसतो. ज्या भडक रंगाचे व्हिडिओ पोरं एकमेकांना दाखवतात, तो बहुतेक वेळा त्याच्या चिडण्याचा रंग असतो.

आता त्या 'चालतं'कडे येऊ. जर्मनीत चालतं, कबूल. युरोपनं २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीनं रानातल्या पक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७ मध्ये ती बंदी कायमची केली. सरपटणाऱ्यांच्या वाट्याला तेवढं भाग्य नाही. त्यांच्यामुळे इथल्या कोंबड्यांना ताप येत नाही ना! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या हेर्नमध्ये कुणाचा तरी पाळीव नाग सुटला, लोकांना घरं सोडून दुसरीकडे राहायला जावं लागलं, आणि २०२१ पासून आमच्या राज्यात विषारी प्राणी नव्यानं पाळायला बंदी आली. थोडक्यात, इथला कायदा माणसाच्या भीतीमागून चालतो. शॅमेलिऑनला कोण भितो? तो बिचारा आपला मुकाट्यानं मेळ्यात, प्लॅस्टिकच्या डब्यात. तेव्हा जर्मनीत चालतं म्हणून ते बरोबर, हे मला कुणी बडोद्यात बसून शिकवू नये.

बरं, आपल्याकडे सगळ्याला आडकाठी हेही खरं नाही. आपला घोयरा, म्हणजे भारतातला शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, तो पाळता येत नाही, आणि येऊही नये. देशी पक्ष्यांचा व्यापार नव्वदीच्या सुरुवातीलाच बंद झाला, तरी ओसरीवर टांगलेला पोपट आपण सगळ्यांनी पाहिलाय. (तोच कंठवाला पोपट कोलोनमध्ये थव्यांनी मोकळा उडतो, हा एक विनोदच.) परदेशी प्राण्यांना तर सरकारनं २०२० मध्ये मुभाच दिली होती: सहा महिन्यांत स्वतःहून कळवा, कागदपत्रं मागणार नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जाती कायद्यात आल्या, २०२४ च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी आली. चांगलंच झालं. पण त्या नोंदीवरून एवढंच कळतं की प्राणी आज कुणाच्या घरी आहे. तो कुठल्या फांदीवरून उतरवला, हे ज्याला लपवायचंय तो लपवतोच. इंडोनेशियातून 'पैदाशीचे' म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी निदान ८० टक्के जंगलातून धरलेले होते, हे २०११ च्या एका अभ्यासात निघालं. आणि कागद खरे असले तरी काय? १९९५ मध्ये साइट्सनं मादागास्करच्या शॅमेलिऑनचा व्यापार चार जाती सोडून थांबवला, पँथर त्या चारांतला. माझ्या घरातला जीव कागदोपत्री चोख आहे. जंत त्याला तरीही होता.

इथले शौकीन यावर एक युक्तिवाद करतात, तो मी ऐकून घेते, कारण तो अगदीच पोकळ नाही. मादागास्करचं जंगल जाळून-तोडून जेवढं जातंय त्यापुढे पकडणाऱ्यांची पोती किती, आणि गरीब माणसाला चार पैसे मिळाले तर तो झाड तरी राखेल. पण त्या पैशांतला सगळ्यात लहान वाटा फांदीखाली उभ्या असलेल्या माणसाचा असतो, आणि झाड राखायला तेवढ्यावर कोण थांबतं? ज्यांना खरंच पाळायचेत त्यांच्यासाठी येमेनचे शॅमेलिऑन आहेत, ते पिंजऱ्यातही सहज अंडी घालतात. विक्रेत्याला म्हणावं, आईबाप दाखव, पिल्लं कधी निघाली ते सांग. दाखवता येत नसेल तर फोन ठेवावा.

काकींच्या तोडग्यावर मी जरा जास्तच चढले, असं ताई म्हणते. पण पाखरं विकत घेऊन सोडणारा भाविक आणि मेळ्यात मरायला टेकलेला शॅमेलिऑन दया येऊन उचलणारा माझा जर्मन सहकारी, दोघांचे पैसे एकाच गल्ल्यात जातात, आणि गल्ला भरला की पुढच्या खेपेला आणखी पिशव्या. सोडण्याचं म्हणाल, तर हवाईत १९७२ मध्ये एका दुकानदारानं केनियाहून आलेले जॅक्सनचे शॅमेलिऑन तब्येत सुधारावी म्हणून अंगणात मोकळे सोडले. सुधारली! इतकी की आज ते तिथल्या झाडांवरचे देशी किडे आणि गोगलगायी फस्त करतायत. कामाटीबागेला १८७९ पासून पुरेसे पाहुणे मिळालेत, अजून एक नको.

आणि हे सगळं सांगतानाच मला बडोद्याचा अभिमानही वाटतो, तो मी लपवत नाही. २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी गल्ल्यांत आल्या, तेव्हा दोन पोरं एक मगर चक्क स्कूटरवर घेऊन वनखात्याकडे निघाली होती. तो व्हिडिओ मी इथे ऑफिसात सगळ्यांना दाखवला. २०२३ मध्ये बर्लिनच्या वेशीवर सिंहीण फिरते म्हणून पोलीस हेलिकॉप्टरसकट रान धुंडाळत होते, आणि निघालं रानडुक्कर. त्या लोकांनी मला प्राण्यांसोबत राहायला शिकवावं? फोनवर हेच बोलत होते तर ताई म्हणाली, "तिकडे असतेस तेव्हा बडोद्याची, आणि इकडे बोलतेस तेव्हा जर्मनीची. आम्ही कुठली धरायची?" मी विषय बदलला.

तिचंच आणखी एक वाक्य मला झोंबलं. सरड्याबद्दल ती म्हणाली, "तोही बिचारा तुझ्यासारखाच की." अजिबात नाही. मला कुणी पिशवीत घालून आणलं नाही. मी व्हिसा काढून, लीलो चेवड्याचे पुडे बॅगेत कोंबून, स्वतःच्या पायांनी आले. आणि उपरेपण म्हणाल तर त्याची सवय मला दांडिया बाजारातच झाली. गुजरातीत बोललो की शेजारी म्हणायचे, छान बोलता हं तुम्ही मराठी लोक; पुण्याला आत्याकडे गेलो की आमच्या मराठीवर भावंडं हसायची. इथल्या मराठी मंडळातही गणपतीत कुणीतरी विचारतंच, तुम्ही गुजरातच्या ना? तीन पिढ्या गायकवाडांच्या गावात काढूनही आमच्या घरात 'आपल्याकडे' म्हणजे नक्की कुठे, हे कधी ठरलं नाही. तेव्हा 'तुमच्याकडे' म्हणून ताई मला ढकलते ते मला सोसत नाही. आता माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते. आईला ते अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं ते कसलं तरी बँकेचं आहे.

सरडा आहे तोवर लांब सुट्टी काढता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही. ड्रॉपर धरून उभं राहायला कोण येणार? पण तो घरात येण्याआधीही दर वर्षी मी उत्तरायणाला येते-येते म्हणत होते आणि येत नव्हते. ताईला हा हिशोब पाठ आहे. तिनं तो काढला नाही, फोन भाच्याला दिला.

त्याला म्हटलं, पैसे खर्चायचेच असतील तर चांगली दुर्बीण घे. गुजरातच्या कोरड्या रानात घोयरा आहे, अंडी घालायला मादी जमिनीवर उतरते, डुलत डुलत रस्ता ओलांडते आणि गाड्यांखाली येते. कुणी जाणकार बरोबर घे आणि जा.

"आणि दिसली तर?"

"तर गाड्या थांबव, तिला पलीकडे जाऊ दे, आणि फोटो पाठव."

"पाठवतो," तो म्हणाला. "पण मावशी, ते येमेनवाले पैदाशीचे म्हणालीस ना, ते तुमच्याकडे केवढ्याला पडतात?"