अटाकामावर पाणी ओतलं की जीव फुटतो?

‘वाळवंटातली माती मेलेली असते. तिथे कमी असतं ते फक्त पाणी. पाणी सोडा, जीव आपोआप फुटेल.’ चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या फोटोखाली हा मजकूर सध्या फिरतोय. ओळी तीन, आणि तिन्ही गंडलेल्या.

‘माती मेलेली असते.’ हे अगदीच हवेतून आलेलं नाही. अटाकामाच्या युंगाय भागातल्या मातीतून प्रयोगशाळेत जवळपास काहीच वाढत नाही आणि डीएनएही हाती लागत नाही, असं नवारो-गोन्झालेझ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं होतं. पण मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत उगवतच नाहीत. पुढे जास्त बारीक पद्धती आल्या आणि त्याच वाळवंटात, २०१५ च्या दुर्मीळ पावसानंतर, चालू असलेल्या जगण्याच्या खुणा सापडल्या.

‘कमी असतं ते फक्त पाणी.’ मग एकाच युंगायमध्ये, त्याच नसलेल्या पावसात, सुटी माती ओसाड आणि शेजारच्या मिठाच्या खड्यांत हिरवे सायनोबॅक्टेरिया (उजेडावर अन्न बनवणारे जिवाणू), हे कसं? आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तोच प्रकार. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ ती ओढून घेतं, आणि खड्याच्या बारीक छिद्रांत ओल त्याहून कमी आर्द्रतेतही टिकते. पारदर्शक गारगोटीच्या पोटाखालीही अशीच वस्ती असते: वरून गाळलेला उजेड, खाली थोडी ओल. कोण कुठे राहणार हे पावसाइतकंच क्षार, दगड आणि मातीचा सामू (ती किती आम्ल, किती अल्क) ठरवतात.

‘पाणी सोडा, जीव फुटेल.’ हे तर निसर्गानेच करून पाहिलं. २०१७ मध्ये युंगायला पाऊस झाला, खाऱ्या पाण्याची डबकी साचली. आधी त्या मातीत सूक्ष्मजीवांच्या १६ पर्यंत जाती होत्या. डबक्यांत उरल्या दोन ते चार. कोरड्यात जगायला सरावलेल्या पेशींत एकदम पाणी शिरलं आणि त्या फुटल्या, असं संशोधकांचं म्हणणं. फुटलं खरं, पण जीव नव्हे!

१९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या व्हायकिंग यानांच्या काही प्रयोगांत मंगळाच्या मातीवर पाण्याचे द्राव सोडले होते. तिथे काही जिवंत असलंच, तर त्या पाण्यानेच ते मेलं असेल का, हा प्रश्न अटाकामाची डबकी तपासणाऱ्या याच मंडळींनी विचारला.