मुखबिराच्या (खबऱ्याच्या) खबरीवर अटक: फिरत्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘वॉरंट नसेल तर पोलिस हात लावू शकत नाहीत. मुखबिराच्या खबरीवरची अटक बेकायदाच. मुखबिराचं नाव विचारा, सांगितलं नाही तर केस खलास.’ रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या एखाद्या पोराने यावर विसंबून झटापट केली, तर सरकारी कामात अडथळ्याचा आणखी एक गुन्हा अंगावर येईल. म्हणून हे लिहितोय.

वॉरंटची गोष्ट साफ चूक आहे. दखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे ज्यात पोलिस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात, विनावॉरंट अटक करता येते. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम 35 तो अधिकार देतं.

खबरीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. कायदा मागतो ती ‘विश्वसनीय माहिती’ किंवा ‘वाजवी संशय’. समजा खबर आली, की चेन ओढणारा राजवाड्यापाशी काळ्या बाइकवर, निळ्या शर्टात उभा आहे. संध्याकाळी तिथे असे कितीतरी जण असतात. तेवढ्यावर कुणाला उचलणं चूकच. पण बाइकचा नंबर सीसीटीव्हीतल्या नंबराशी जुळला, खिशात तुटकी चेन निघाली, फिर्यादी बाईंनी ती ओळखली, तर संशयाला पाया मिळतो.

आणि तरीही अटक आपोआप योग्य ठरत नाही. चेन ओढण्याला न्याय संहितेत (गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्यात) जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटकेची गरज काय, हे पोलिसांनी लेखी नोंदवायचं असतं: पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदाराला धमकावेल. तसं काही नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात हे बजावून सांगितलं. माझा पोलिसांवरचा आक्षेप इथे आहे. ‘मुखबिर की सूचना पर’ एवढं लिहिलं की कारण दिलं, असं मानलं जातं. ते कारण नाही. खबर रोजनामच्यात (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) कधी चढली, ती कशी पडताळली, हे वकिलाने विचारलंच पाहिजे.

मुखबिराचं नाव? ते सांगायला पोलिसांना भाग पाडता येत नाही, साक्ष अधिनियमाचं (पुराव्याच्या कायद्याचं) कलम 131 तेच सांगतं. अमली पदार्थांच्या केसमध्ये खबर लेखी उतरवून 72 तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते, पण तिथेही नाव उघड करावं लागत नाही.

नाव मागण्यापेक्षा अटकेची कारणं मागा. सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर 2025 च्या निकालानुसार ती लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवीत, रिमांडसाठी (कोठडीच्या आदेशासाठी) कोर्टात नेण्याच्या किमान दोन तास आधी. लातूरहून नुकत्याच आलेल्या, हिंदी न वाचता येणाऱ्या भाच्यासाठी ती मराठीत मागता येतात. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही आहे का, घरी कळवलंय का, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलंय का, तेही बघा.

राहिलं ‘केस खलास’. अटक बेकायदा ठरली तर माणूस कोठडीतून सुटतो. पण त्यामुळे तपास, चार्जशीट आणि खटला रद्द होत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या 2025 च्या विहान कुमार निकालात स्पष्ट आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी हे घरच्यांना सांगा, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा.