लिब्रेऑफिस आपल्या ऑफिसात येऊ नये म्हणून काय काय करावं

आयटीतला नवा पोरगा मीटिंगमध्ये म्हणतो, सर, मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी फुकटातलं लिब्रेऑफिस आणि फाइली आपल्याच सर्व्हरवर ठेवायला नेक्स्टक्लाउड वापरून बघायचं का? अजिबात नाही म्हणू नका. नाही म्हटलं की तो हिशेब काढतो, मायक्रोसॉफ्टला युजरमागे महिन्याला किती पैसे जातात आणि निम्मी माणसं पत्र टाइप करून प्रिंट काढण्यापलीकडे त्यात काय करतात, आणि असले हिशेब साहेबांसमोर निघालेले बरे नाहीत. त्यापेक्षा म्हणा, वा, पायलट करून बघू.

पायलटला अकाउंट्सवालेच घ्या. त्यांच्याकडे एक पुरातन एक्सेल फाइल असते, तिच्यातला मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, कधीच रिटायर झालेल्या कोणीतरी लिहिलेला, आत काय चालतं देव जाणे, मार्चएंडला फक्त बटण दाबायचं. ती कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलमध्ये, उघडा, मॅक्रो अडकला की सगळ्यांसमोर चुकचुका. मराठी पत्र म्हणजे तर हुकमी एक्का, लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजीच्या फुकटातल्या सिस्टिमवर, विंडोजचा मंगल फॉन्ट नसतो, दुसरा येतो, ओळी सरकतात आणि साहेबांची सही एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसते. झालं, खल्लास! (श्रीलिपीतलं जुनं पत्र फॉन्ट नसलेल्या मशीनवर वर्डमध्येसुद्धा अगम्य दिसतं, पण त्याची आपल्याला सवय आहे.) वर्डमधली वरची बटणांची पट्टी, रिबन, कुठे गेली असं कोणी विचारलंच तर व्ह्यू मेनूत जाऊन टॅब्ड इंटरफेस करता येतो हे चुकूनही सांगू नका. आणि लिब्रेऑफिसचा फाइल फॉरमॅट ओडीएफ 2006 पासून आयएसओ स्टँडर्ड आहे वगैरे सुरू झालं की चहा मागवा.

दाखले द्यायचे तर जर्मनीतल्या म्युनिकचा द्या. महापालिकेने लिनक्सवर जायचं ठरवलं आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला, इथेच थांबा. 2003 मध्ये त्यांना थोपवायला मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्की हॉलिडे सोडून महापौरांना भेटायला धावले होते, फुकटातल्या टाकाऊ सॉफ्टवेअरसाठी एवढी धावपळ का, असा प्रश्न कोणाला पडायला नको. तिकडच्याच श्लेस्विग-होलश्टाइन राज्याने 2024 मध्ये सुमारे 30,000 सरकारी कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलं, नंतर मेलही आउटलुकवरून हलवले, पण एवढं लांब नाव मीटिंगमध्ये कोण घेतंय.

शिवाय सपोर्टचं काय? आपल्याला व्हेंडर लागतो बाबा, दिवाळीला ड्रायफ्रूटचा डबा आणणारा. लिब्रेऑफिसमागच्या बर्लिनच्या डॉक्युमेंट फाउंडेशनकडून काय काजूकतली येणारे? सपोर्ट विकणाऱ्या कंपन्या आहेत म्हणे, असतील.

डेटाची काळजी तर करूच नका. जून 2025 मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याने फ्रेंच सिनेटपुढे शपथेवर सांगितलं की डेटा अमेरिकी सरकारच्या हाती जाणारच नाही याची गॅरंटी देता येत नाही. किती प्रामाणिक माणूस! पुढच्याच महिन्यात युरोपियन युनियनने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, गुजरातेत वाडिनारला रिफायनरी असलेली कंपनी, लायसन्सचे पैसे भरलेले, तरी मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच त्यांच्या सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि सेवा परत सुरू झाल्या की, म्हणजे सिस्टिम चालते. आपल्यावर वेळ आली तर आपणही कोर्टात जाऊ, फक्त तेव्हा वकिलाला मेल कुठून पाठवायचा तेवढं आत्ताच ठरवून ठेवा. जीमेल चालेल.