आत्याच्या फोटोतले घुंगरू नीट बघा

"जुन्या नर्तकींचे स्टुडिओतले फोटो म्हणजे कला नव्हे. पुतळ्यासारखं उभं करून काढलेली तिकीटविक्रीची जाहिरात. चांगल्या घरच्या बायका असले फोटो काढतच नसत." हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा फिरला. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आत्याने कथकच्या पोशाखातला आपला फोटो भिंतीवरून उतरवून पेटीत टाकला. "काहून ठेवायचा आता?" म्हणाली. म्हणून हे लिहितोय.

आधी ते "चांगल्या घरच्या". मेसेजवाल्याच्या हिशेबाने 'चांगल्या घरच्या' असलेल्या भरतनाट्यम नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल १९३५ साली मद्रासला रंगमंचावर नाचल्या, पुढच्याच वर्षी त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली, १९५२ साली राज्यसभेवर गेल्या. पण एवढंच सांगून थांबलो, तर मेसेजवाल्याची फूटपट्टी मीही मान्य केली असं होईल. भरतनाट्यमच्याच बालसरस्वती देवदासी परंपरेच्या घराण्यातल्या. त्यांना १९५७ साली पद्मभूषण मिळालं. ज्या घराण्यांनी नाच जिवंत ठेवला त्यांच्याच बायकांना नावं ठेवायची आणि स्वतःच्या मुलींना मात्र तोच नाच शिकायला क्लासला पाठवायचं, याची मला चीड येते.

जाहिरात? हो, होती. थिएटरच्या दाराशी, कार्यक्रमपत्रिकेवर हे फोटो लागायचे, ते मान्य. रविवर्म्याच्या तसबिरीही विकायलाच छापल्या होत्या.

राहिलं पुतळ्याचं. अमेरिकेतल्या फोटोग्राफर बार्बरा मॉर्गन मुळात चित्रकार. आधुनिक नृत्य करणाऱ्या मार्था ग्रॅहॅमचे नाच त्या आधी पुन्हा पुन्हा बघायच्या, कोणता क्षण हवा ते मनाशी पक्कं करायच्या आणि मग स्टुडिओत दिवे लावून तेवढा भाग तिच्याकडून करून घ्यायच्या. १९४० सालचा त्यांचा फोटो इंटरनेटवर सहज सापडतो: ग्रॅहॅम कमरेत वाकलेली, एक पाय मागे उंच गेलेला आणि लांब पांढऱ्या घागऱ्याची हवेत कमान. बाई पोझ देईल, घागरा कसा देईल? तो क्षण हेरावाच लागतो.

आत्याचा फोटो सीताबर्डीच्या स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, गालांना हाताने लावलेला गुलाबी रंग. पेटीतून काढून भिंगाखाली धरला. चेहरा लख्ख आहे, ओढणीची जर मोजता येते, पण डाव्या घोट्यावरचे घुंगरू पुसट झालेत. तो पाय हलत होता. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "तत्कार सुरू होता न बाप्पा, थांबले कुठं मी?" तत्कार म्हणजे कथकमधलं पायांचं काम.

घोट्याजवळचा तेवढा भाग मोठा करून ग्रुपवर टाकलाय.