‘समुद्रपक्षी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

शिडाच्या बोटीचं चाक जड का होतं, या माझ्या लेखावर तुम्ही तीन वाक्यं लिहिलीत. चाकाला सुकाणूशी जोडणारी वायर ताणण्याआधी सुकाणूचं बेअरिंग तपासायला हवं. चाकामागे त्या वायरला जोडलेल्या साखळीला ग्रीस लावू नये. आणि ‘हे सगळं किनाऱ्यावर बसून लिहिलेलं वाटतं.’

ग्रीसचं मान्य. साखळीला इंजिन ऑइलच द्यावं, ग्रीस आतल्या पिनांपर्यंत पोचत नाही आणि वर कचरा धरून ठेवतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ते शेवटचं वाक्य! ओळख ना पाळख, आणि एकदम किनाऱ्यावर बसवलंत? माझे वडील तांडेल होते. बाराव्या वर्षी मी त्यांच्या होडीचं सुकाणू धरलं. चाकाच्या बोटींवर पंधरा वर्षं हात काळे करतोय.

चार वर्षांपूर्वी खांदेरीहून परतताना चाक अचानक हलकं झालं. फिरवतोय, पण बोट ऐकेना. मागचं झाकण उघडून टॉर्च मारला तर डावी वायर क्वाड्रंटच्या, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर बसवलेल्या अर्धगोल चकतीच्या, खाचेतून उतरून लोंबत होती. वायर ताणून धरणाऱ्या आयबोल्टचा लॉकनट सैल पडून ताण गेला होता. शीड उतरवलं, इमर्जन्सी टिलर, म्हणजे सुकाणू थेट फिरवायचा दांडा, बसवला आणि दोन तास त्याच्यावर बोट आणली. रात्री वायरवरून टिश्यू पेपर ओढत नेला. पुलीच्या वळणावर कागदाचे तुकडे अडकले, तिथे बारीक तारा तुटून काट्यासारख्या उभ्या होत्या. कागद घ्यायच्या आधी मी अंगठाच फिरवला होता, त्याचा व्रण अजून आहे. लेखात वायरवरून हाताचं ‘बोट फिरवू नका’ लिहिलंय ते त्या अंगठ्यामुळे.

नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची, गोव्यात बांधलेली तारिणीसुद्धा २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात स्टिअरिंग बिघडल्यामुळे मॉरिशसला पोर्ट लुईत थांबली होती. समुद्रावर जाणाऱ्यांचंच हे बिघडतं, साहेब. असलं वाक्य टाकण्याआधी जरा विचार करत जा.

राहिलं बेअरिंग. ते लेखात आहे, शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं. वायरी सोडायच्या, क्वाड्रंट हाताने फिरवायचा. तरीही जड लागला तर दोष बेअरिंगचा; नायलॉनचं असेल तर ते पाण्याने फुगतं. मोकळा फिरला तर पुल्या आणि पेडेस्टल (चाकाचा खांब) बघायचे. हे ताणण्याच्या आधी की नंतर, यावर मी वाद घालत बसणार नाही.

ताण किती, हे तुम्ही विचारलंच नाहीत. चाक पक्कं बांधून क्वाड्रंट हाताने हलवून बघा. हलला तर वायर अजून सैल आहे.